चिखल कोणाच्या बांधीतला

“मॅडम, तिच्या पायातल्या चपला काढा.”

भैयाजी म्हणाले. स्टेजच्या मागे, मंडपाच्या कापडाआड. समोर काजल उभी होती, आठवीतली, तोंडातल्या तोंडात भाषण पुटपुटत. पायात निळ्या पट्ट्यांच्या कोऱ्या चपला. मंडईसाठी आईने घेऊन दिलेल्या. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, दुपारी दंडार नाचते, रात्री नाटक, आणि घरोघरी सोयरे येतात. अशा दिवशी आपली पोर चार लोकांत नीट दिसावी असं कोणत्याही आईला वाटतं.

“का हो भैयाजी?” मी विचारलं.

“अनवाणी चांगली दिसते. पब्लिकवर असर पडते. आईच्या फुटलेल्या पायांचं बोलणार, अन् हिच्या पायात नवी चप्पल? समझा करो.”

मी समजले. लगेच समजले, हेच वाईट. कारण ते बरोबर होतं. लोकांच्या कानावर जे पडतं तेच डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर भाषण फसतं, हे मीच तर वर्गात शिकवत होते. मी खाली बसले. काजलने काही न विचारता एक पाय उचलला, मग दुसरा. मी दोन्ही चपला काढल्या आणि पूर्ण भाषण होईपर्यंत त्या हातात धरून उभी राहिले.

गावात अजून ही गोष्ट उलटी सांगतात. मॅडमने पोरीला कुठून कुठे नेलं, असं. म्हणून मला ती सरळ सांगायची आहे.

मी दवनीवाड्याकडच्या एका गावातल्या खाजगी शाळेत शिकवते. तासिकेवर. म्हणजे वर्ष संपलं की माझी नोकरी संपते, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा द्यायची की नाही हे संस्थेचे अध्यक्ष ठरवतात. अध्यक्ष म्हणजे भैयाजी. राइस मिल त्यांची, गावाभोवतीच्या धानाच्या बऱ्याचशा बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, त्यांची, मंडईची समितीही त्यांचीच. मी मराठी शिकवते आणि मुलांना भाषणासाठी तयार करते. त्यात या भागात माझा हात धरणारं कोणी नाही. आमगावच्या स्पर्धेत आमची शाळा उतरली की बाकीच्या शाळांचे मास्तर आधीच तोंड पाडून बसतात. या गोष्टीचा मला गर्व होता. चांगलाच होता.

काय शिकवायचे मी? गर्दी कशी ताब्यात घ्यायची ते. सुरुवात मोठ्या शब्दाने करू नका, एखाद्या लहान वस्तूने करा. जिथे लोकांना वाटतं आता ओरडणार, तिथे आवाज खाली आणा. मग गप्प व्हा. गप्प राहायला भिऊ नका, त्या गप्पपणातच लोक रडतात. समोरच्या ओळींतला एक चेहरा पकडा आणि सगळं त्या एकालाच सांगा, बाकीच्यांना वाटतं आपल्यालाच सांगून राहिले. आणि काही झालं तरी थांबायचं नाही. कोणी उठलं, कोणी हसलं, माइक बंद पडला, तरी नाही.

काजलने हे सगळं गिळून टाकलं होतं. पोरीचा आवाज असा की मागच्या बाकावरचे मस्तीखोरही मान वर करायचे. विषय होता ‘माझी आई’. मी म्हटलं, आईबद्दल पुस्तकातलं नको, तुझ्या आईचं सांग. ती सांगू लागली.

“माझी आई भैयाजींच्या बांधीत धानाचं रोवणं करते. दिवसभर पाण्यात उभी राहते. म्हणून तिच्या पायांना चिखल्या होतात.”

इतकं साधं. मी खूश झाले. चिखल्या! चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत कुजलेली, फुटलेली कातडी. लहान वस्तू हीच. यावरच भाषण उभं करायचं. मग म्हणाले, “पहिलं वाक्य काढून टाक. भैयाजींचं नाव कशाला? ‘माझी आई धानाच्या चिखलात उभी राहते’, असं म्हण. ऐकायला छान वाटतं.”

“पण मॅडम, बांधी त भैयाजीचीच आहे ना?”

“आहे. पण भाषणात नको.”

“कायले नको?”

मी तिला शास्त्र सांगितलं. ऐकणाऱ्याला टोचलं की तो मन बंद करतो, मग तू कितीही चांगलं बोल. हे खोटं नाही. पण त्या दिवशी मी शास्त्र सांगत नव्हते. मला पुढच्या वर्षीच्या तासिका दिसत होत्या. मी भ्याले होते आणि भीतीला मी कला म्हटलं. पोर माझ्यावर विश्वास ठेवून होती. तिने वाक्य काढलं.

तर मंडईच्या दुपारी काजल अनवाणी स्टेजवर गेली. समोर सतरंजीवर बाया बसलेल्या. तिची आई देवकाबाई तिसऱ्या ओळीत होती, नवं लुगडं नेसून. बाजूला तिच्या मोठ्या पोरीची सासू आणि नणंद. सोयरीक नवी, मंडईला पहिल्यांदाच आलेल्या. देवकाबाईने त्यांना मुद्दाम पुढे आणून बसवलं होतं. आणि सतरंजीवर बसायचं म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या.

मीच काजलला सांगितलं होतं, चेहरा पकडायचा तर आईचाच पकड.

तिने पकडला. “मला माझ्या आईचा चेहरा आठवत नाही,” अशी सुरुवात होती. माझीच. लोक दचकले. “कारण मी लहानपणापासून तिचे पायच पाहत आले.” मग चिखल्या. मग रात्री हळद आणि तेल लावताना आई कशी दात चावते ते. मग गप्प. मी कापडाआडून बघत होते. तिसऱ्या ओळीत विहिणीने मान वळवून देवकाबाईच्या पायांकडे पाहिलं. मग नणंदेने. मग मागच्या बायांनी. देवकाबाईने पाय आत घेतले. लुगड्याचा काठ ओढला, पायांवर टाकला, तो पुरेना, तर हात ठेवला.

काजलला हे दिसलं. स्टेजवरून तिला आईशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. तिचा आवाज एकदा हलला.

पण थांबायचं नाही, हे मी शिकवलं होतं. ती थांबली नाही.

सगळा मंडप रडला. भैयाजींनी रुमाल काढला. आमच्याकडे नाटकात एखाद्या नटीने प्रवेश जिंकला की लोक भर खेळात बक्षीस देतात आणि माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात. तसं झालं. सगळ्यांत आधी भैयाजी उठले. माइकवाला ओरडला, “आदरणीय भैयाजींकडून, काजलच्या आईच्या पायांसाठी, सप्रेम भेट!” मग दुसरं नाव, तिसरं नाव, प्रत्येक वेळी आईच्या पायांसाठी. ज्यांच्या बांधीत ते पाय कुजले त्यांनीच त्या पायांना बक्षीस दिलं आणि टाळ्या घेतल्या. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. कसं येणार? ते वाक्य मी कापलं होतं.

काजल उतरली आणि मला न भेटता आईकडे निघाली. देवकाबाई उठून गेली होती. पाहुण्यांना तिथेच टाकून. पोर तिच्यामागे अनवाणीच धावली. मी तिथेच उभी. हातात चपला. भैयाजी जवळ येऊन म्हणाले, “वाह मॅडम, कमाल.” आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “थँक्यू, भैयाजी.”

त्या दिवशी मला माझा बाप आठवला.

माझा बाप ढिवर. तलावात जाळं टाकायचा. मी पाचवीत असताना शाळेत कोणी साहेब तपासणीला आले. मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, “साहेब, ही ढिवराची पोर. हाताला मासोळीचा वास येतो, पण पाठांतर पाहा.” साहेब हसले, सगळे हसले. मी हात मागे घेतले आणि कविता घडाघडा म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. मी उड्या मारत घरी गेले. बाप जाळं विणत बसला होता. म्हटलं, “बाबा, सायेबानं टाळी वाजवली.” तो म्हणाला, “काय म्हणे सायेब?” मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, वासाचंही. त्याने हात नाकाजवळ नेला, मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ राखेने हात घासत बसला.

मी आत बसून ते पाहिलं आणि मला काही कळलं नाही. मला वाटलं, माझा सन्मान झाला. मोठी झाले, शिकले, बाप गेला, तरी ती टाळी मी मनात जपून ठेवली होती. सन्मान म्हणूनच. बापाचा राखेचा हात आणि देवकाबाईचा पायांवरचा हात, हे दोन्ही एकच आहेत हे कळायला मला दुसऱ्याच्या पोरीला स्टेजवर चढवावं लागलं. याची लाज वाटते. ही लाज जात नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

चपला घेऊन मी देवकाबाईकडे गेले. लगेच नाही गेले, काही दिवस त्या शाळेतल्या कपाटात पडून होत्या. हिंमत नव्हती. गेले तेव्हा ती अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. बस म्हटलं नाही.

“काजलच्या चपला,” मी म्हटलं.

“ठेवून द्या तिथं.”

“देवकाबाई, चुकलं माझं.”

“तुमचं काऊन चुकन? पोरगी चांगली बोलली ना. लोक त रडून राहिले होते.” सूप थांबलं नव्हतं. “पाह्यण्याइले मीच समोर बसवलं. म्हटलं, पोरगी बोलन, त्याइले दिसन कशी पोरगी आहे आपली. आता बाया भेटल्या का आधी पाय पाहतेत माह्ये. तोंड कोनी पाहत नाई. दुकानात गेली त दुकानवाला म्हणे, मलम नेता का बाई.”

मी काहीतरी बोलायला गेले. तिने सूप खाली ठेवलं.

“मले इचारलं असतं त मी नाई म्हटलं असतं. म्हणूनच नाई इचारलं का मॅडम?”

मला बोलता येतं. माझं पोट त्यावर आहे. त्या अंगणात मी चपला उंबऱ्याजवळ ठेवल्या आणि निघाले, कारण ती म्हणाली तेच खरं होतं.

काजलने वक्तृत्व सोडलं. त्या तासाला ती वाचनालयात जाऊन बसायची. मी तिला एकदा व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, मी तुझं एक वाक्य कापलं, ते मला वर्गात सगळ्यांना सांगायचं आहे, सांगू का? ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आईले इचारा.” मी पुन्हा गेले. देवकाबाई दारातच म्हणाली, “पायाचं नाव काढू नका. बाकी तुमचं तुमी पाहा.” आणि आत गेली.

त्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, “मंडईत भाषण झालं, लोक रडले. मग त्यांनी काय केलं?”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मागून कोणीतरी म्हणालं, “जेवले, मॅडम.”

सगळे हसले. खरं होतं. भाषणानंतर समितीचं जेवण होतं.

“मग?”

“मग दंडार लागली.”

“आणि?”

आणि काही नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच बांधी, तेच पाणी, तेवढेच तास. माझ्या भाषणाने लोकांना काय पटवून दिलं? हेच की आपण फार चांगली माणसं आहोत, आपल्याला रडू येतं. एवढं पटवून भाषण संपलं. मी पोरांना तसंच सांगितलं. म्हटलं, आजवर मी तुम्हाला बोलायचं शिकवलं, ऐकायचं शिकवलंच नाही. कोणी तुम्हाला रडवलं की आधी विचारा, यात कोणाचं नाव घेतलेलं नाही? ज्याची गोष्ट आहे त्याला विचारलं का? रडून कोण मोकळं झालं? मग मी सांगितलं की मी एक वाक्य कापलं, कोणतं ते सांगितलं, आणि का कापलं तेही. भीतीने कापलं, असं म्हटलं. पोरं एकदम शांत झाली. या वेळी मी ती शांतता आणली नव्हती.

वर्गातली गोष्ट गावात जायला वेळ लागत नाही. भैयाजींनी ऑफिसात बोलावलं. पण रागावले नाहीत. चहा मागवला. ते बोलतात फार गोड.

“शाळेच्या संमेलनाला नागपूरचे पाहुणे येऊन राहिले. मोठे लोक आहेत. खूश झाले तर शाळेला दोन खोल्या बांधून देतील. काजलचं भाषण ठेवा.”

“ती नाही बोलणार.”

“मग दुसरी घ्या. गरिबाच्या पोरी कमी आहेत का गावात?”

“नाही, भैयाजी.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. “मग असं करा ना. तुम्हीच बोला. ढिवराची पोरगी, आज मॅडम आहे. बापाचं सांगा. जाळं-बिळं, मासोळी. तुम्ही तर रडवता लोकांना. पाहुणे एकदम खूश होऊन जातील.”

खोली तीच होती असं वाटलं. साहेब तेच, मुख्याध्यापक तेच. फक्त हात मागे घ्यायला मी आता पाचवीत नव्हते.

“माझ्या बापाचं मी विकणार नाही,” मी म्हटलं. “देवकाबाईचं विकलं, तेवढं पुरे झालं. आणि मला बोलायलाच लावाल तर मी पाहुण्यांना सांगेन, त्या बाईचे पाय ज्या बांधीत फुटले ती बांधी तुमची आहे.”

त्यांनी कप बशीत ठेवला. “मॅडम, पुढच्या वर्षीच्या तासिका अजून लावल्या नाहीत मी.”

“माहीत आहे.”

“आणि खोल्या नाही मिळाल्या, तर गाव तुम्हाला विचारेल. पावसात गळते तिथे पोरं बसतात.”

हे त्यांचं खरं होतं. वर्ग गळतात. मी उठले. बाहेर येऊन स्कूटी सुरू केली. शूर वगैरे काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की इतकं बोलायला मला एका पोरीच्या पायातल्या चपला काढाव्या लागल्या, आणि बोलले ते बंद खोलीत, जिथे ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

संमेलन झालं. दुसऱ्या सरांनी एका सहावीतल्या मुलीला तयार केलं. ती अनवाणी आली. बापाच्या दारूचं बोलली. पाहुण्यांनी चष्मे काढून डोळे पुसले. मी प्रेक्षकांत बसले होते. माझ्या वर्गातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हात मांडीवरच ठेवले. काजल शेवटच्या रांगेत होती. निळ्या चपला पायात होत्या. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

देवकाबाई माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसली तर पदर पुढे ओढून जाते. तिने बोलावं असं मला म्हणवत नाही. माफी मागून मोकळं व्हायचं, ही पण रडून मोकळं होण्याचीच एक तऱ्हा आहे. मला मोकळं व्हायचं नाही.

पुढच्या मंडईत मी बोलणार आहे. शाळेत असेन किंवा नसेन. समितीने नाव घेतलं नाही तर स्टेजखाली, दुकानांच्या रांगेत उभी राहून बोलेन. माइकशिवाय आवाज कसा पोचवायचा ते मला येतं. देवकाबाईच्या पायांचा त्यात एक शब्द नसेल. माझ्या बापाच्या हातांचा नसेल. कुठे आवाज खाली आणणार नाही, कुठे गप्प होणार नाही, कोणाला रडू देणार नाही. पब्लिक रडली की सुटते. मी तिला सुटू देणार नाही.

जे वाक्य मी कापलं ते बोलणार. बांधी कोणाची ते. आणि कापलं कोणी, तेही. भैयाजी समोरच बसलेले असतील. मी चेहरा त्यांचाच पकडणार आहे.

चपला घालून.